भाकरीचा झेंडा

तुम्ही खोटं लिहिलंत. ‘जमलेल्या जमावाने झेंड्यासमोर घोषणा दिल्या’ असं तुमच्या फिर्यादीत आहे. घोषणा एकही नव्हती. गावाची म्हातारी गोजरआत्या शिव्या देत होती. शिव्या आणि घोषणा यांतला फरक कळू नये इतकं तुमचं मराठी कच्चं असेल, असं मला वाटत नाही. तुम्हाला ऐकायचंच नव्हतं.

मी तिथं होतो. दोरी माझ्याच हातात होती. गाठ मारून मागं सरलो तसा आत्यानं पदर खोचला, कमरेवर हात ठेवले आणि वर बघून सुरुवात केली.

“आलास का रं, मेल्या? वर्साचं तोंड घिऊन आलास? तुझ्या भाकरीवर माती पडली तुझ्या! आमची ज्वारी खाल्लीस अन् आमच्याच पाठीवर उठलास. तुझ्या काठीला वाळवी लागली, तुझ्या दोरीला उंदरं लागली…”

“आत्या, दोरी माझ्या मंडपाची हाय,” मी म्हणालो.

“मग दोरी सोडून बाकी समद्याला लागली!”

बायका हसत होत्या, पोरंठोरं हसत होती. दरवर्षी असंच. सतरा सप्टेंबरला सकाळी शाळेत तिरंगा, राष्ट्रगीत, मुक्तिसंग्रामावर गुरुजींचं भाषण. ते झालं की सगळं बोरजाई गाव रस्त्याच्या कडेला जुन्या नाक्यावर यायचं. निजामाच्या राज्याची हद्द आमच्या गावाशी संपायची. ओढ्यापलीकडं इंग्रजांचा मुलूख. मधे हा करोडगिरीचा नाका. पलीकडं गुळाची ढेप न्यायची म्हटली तरी इथं कर भरा. आता नाक्याचा नुसता चौथरा उरलाय, आणि काठी रोवायचा दगड.

त्या काठीवर आम्ही वर्षातून एकदा निजामाचा झेंडा चढवायचो. पिवळं कापड, मधोमध पांढरा गोल. गाव त्याला भाकरीचा झेंडा म्हणतं. चढवायचा, पोटभर शिव्या द्यायच्या, उतरवायचा, घडी घालायची. उतरवलेल्या कापडाची कुंची शिवून गावात सगळ्यांत नव्या जन्मलेल्या लेकराच्या डोक्यावर बांधायची. मग जिलबी. चहाला आधण येईस्तोवर सगळा कारभार आटपायचा.

चढवायचं काम आमच्या घराकडं. माझ्या आज्याच्या पाठीवर रझाकारांच्या चाबकाचे वळ होते, मरेपर्यंत. गावानं तेव्हाच ठरवलं, ज्याच्या पाठीवर वळ त्याच्या घरानं चढवायचा, म्हणजे प्रेमानं चढवला असं कुणी म्हणणार नाही. आज्यानंतर बापानं चढवला, बापानंतर मी. मी बलभीम गरड. मांडव आणि लाउडस्पीकर भाड्यानं देतो. शाळा सातवीत सुटली. पुढचं वाचायला तालुक्याच्या वाचनालयानं शिकवलं, लिहायला रागानं.

उतरवायचं काम मात्र एकाच घराचं. चांदपाशा मामूंच्या. ते आमच्या गावचे शिंपी. झेंडाही तेच शिवायचे आणि कुंचीही. त्यांच्या आधी त्यांचे वडील इमामसाब उतरवायचे. दुसऱ्या कुणी दोरीला हात लावायचा नाही. का, ते मलाही त्या दिवसापर्यंत अर्धंच ठाऊक होतं. आपल्या घरात देव्हारा पूर्वेलाच का, असं आपण कुठं विचारतो?

त्या वर्षी मामूंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, बार्शीला. त्याच सकाळी घरी सोडणार होते. आदल्या दिवशी फोनवर मला म्हणाले, “तू चढव बाबा वेळेवर. आत्याचं आटपंस्तोवर मी आलोच.”

आत्याचं आटपलं. मामू आले नाहीत. फोन लावला.

“डॉक्टरच राऊंडला आला न्हाई अजून,” मामू तिकडून म्हणाले. “सिस्टर म्हनती, सहीबिगर सोडत न्हाई. पळून येऊ का?”

“पळू नका, डोळा जाईल. आम्ही बसतो.”

इथं आमचं चुकलं. दुसऱ्या कुठल्याही शहाण्या गावानं झेंडा काढून पिशवीत घातला असता. आमचं गाव बसून राहिलं. चौथऱ्याच्या सावलीला बायका बसल्या, कुणीतरी घरून भजी तळून आणली. झेंडा वर फडफडतोय आणि खाली सहल आल्यासारखी माणसं. रस्त्यानं जाणारा एक पाहुणा गाडी थांबवून मोबाइलवर शूटिंग करायला लागला. आम्ही त्याला हात केले. आत्या तर उठून झेंड्याखाली जाऊन उभी राहिली. “काढ, माझाबी काढ. दात नसले तरी येतंय का बघ.”

नंतर तो व्हिडिओ सगळ्या जिल्ह्यानं पाहिला. निजामाचा झेंडा, खाली हसणारी माणसं, हलणारे हात. शिव्या त्यात नव्हत्या. त्या तो पाहुणा यायच्या आधीच संपल्या होत्या.

ऊन तापायच्या आत पोलिसांची जीप आली. उतरलेले साहेब तरुण होते, बाहेरच्या जिल्ह्यातले. डोळे तांबारलेले. गणपतीचा बंदोबस्त नुकताच उरकला होता, झोप झाली नसावी. सोबत हवालदार मुळे, आमच्या शेजारच्या गावचे. ते जीपमधून उतरायलाच तयार नव्हते.

“हा झेंडा कोणाचा आहे?” साहेबांनी विचारलं.

“मेलेल्याचा,” आत्या म्हणाली.

“आजी, मस्करी करू नका. कोणी लावला?”

“मी लावला,” मी पुढं झालो. “बलभीम गरड. मंडपवाला.”

साहेबांनी माझ्या कपाळावरच्या गंधाकडं पाहिलं, आणि माझ्यावरून नजर पुढं नेली. मी सांगितलेलं नाव हवालदारांनी लिहिलं नाही, कारण साहेबांनी लिहा म्हटलं नाही.

“शिवला कोणी?”

“चांदपाशा मामूंनी.”

तेव्हा त्यांची नजर थांबली.

“पूर्ण नाव?”

हवालदार मुळ्यांनी पेनाचं टोपण काढलं.

“साहेब,” मी म्हणालो, “शिवला त्यांनी, चढवला मी. तुम्हाला चढवल्याचा राग आहे ना? मग मला विचारा.”

“आधी उतरवा. मग बोलू.”

“उतरवायचाच आहे. माणूस बार्शीहून येतोय.”

“कोण माणूस?”

“मामू.”

साहेब एकदा काठीकडं, एकदा माझ्याकडं बघायला लागले. “म्हणजे एवढं सगळं गाव इथं बसलंय, आणि एक कापड खाली घ्यायला तुम्हाला तोच माणूस पाहिजे?”

“त्योच पायजे,” आत्या म्हणाली. “लग्नात मंगळसूत्र कुनीबी बांधतंय का?”

बायका पुन्हा हसल्या. साहेबांच्या ओठाच्या कोपऱ्यालाही काहीतरी झालं, पण त्यांनी ते आवरलं. “मुळे, तुम्ही उतरवा.”

मुळे काठीपर्यंत गेले. तोवर आत्या काठीच्या दगडावर जाऊन बसली होती, दोरी पाठीशी घेऊन. मुळे तिच्यापुढं उभे राहिले आणि डोकं खाजवायला लागले.

“आत्या, उठा की.”

“तुझी आई दरसाल इथं जिलबी खाती. तिला इचार आधी.”

साहेब स्वतः आले. ओरडतील असं वाटलं. ते ओरडले नाहीत, आत्यासमोर उकिडवे बसले. एवढं मी त्यांच्या बाजूनं सांगणार. हा माणूस बसला.

“आजी, तुम्ही निजामाच्या बाजूच्या आहात का?”

“माझा चुलता हिरीत घावला, बाबा. रझाकारांनी हातपाय बांधून टाकला हुता. अन् मी ह्याच्या बाजूची? सकाळधरनं ह्याला शिव्या दिऊन घसा बसलाय माझा.”

“मग उतरवू द्या ना आम्हाला.”

“शिव्या द्यायचा हक माझा. त्यो मी कुनाला दिनार न्हाई. उतरवायचा हक माझा न्हाई. त्यो मी तुला कुठनं दिऊ?”

“त्याचाच का?”

आणि मग आत्यानं ते सांगितलं. मी मध्यम वयाचा माणूस, त्याच मातीतला, पहिल्यांदा सगळं ऐकत होतो.

“मी तवा परकर नेसायचे,” ती म्हणाली. “सोलापूरकडनं फौज आत घुसली म्हनून कळलं. नाक्यावरचं जमादार, शिपाई समदं पळालं. एकटा इमामसाब ऱ्हायला, ह्या चांदपाशाचा बाप. गाव म्हनलं, पळ. त्यो म्हनला, रोज सकाळी म्या चढवलाय, म्याच उतरवीन. ह्याचं मीठ खाल्लंय. दुसऱ्यानं फाडून फेकायचा न्हाई. समद्या गावाम्होरं त्यानं झेंडा खाली घेतला, घडी घातली अन् माझ्या आईच्या हातात दिली. म्हनला, वैनी, एवढा जाळू दिऊ नका.”

“आणि तुमच्या आईनं घेतला?” साहेबांनी विचारलं. “दीर विहिरीत सापडलेला असताना?”

“घेतला. शिव्या घालतच घेतला. दुसऱ्या दिशी वढ्यापल्याडनं जमाव आला. कुऱ्हाडी, काठ्या. झेंडा कुठाय, अन् झेंड्याचा मानूस कुठाय? आईच्या मांडीवर माझा भाऊ, नाळ पडली नव्हती अजून. तिनं त्ये कापड त्याच्या डोस्क्यावरनं कुंचीवानी गुंडाळलं, भाकरीची बाजू आत करून. अन् इमामसाब आमच्या कणगीत. ज्वारीच्या कणगीत, बाबा. कणगीम्होरं कोन बसला हुता ठावं हाय? माझा बाप. ज्याचा भाऊ हिरीत घावला त्यो.”

कुणीच हसत नव्हतं आता.

“जमाव म्हनला, मानूस द्या. बाप म्हनला, झेंडा उतरला, उतरवनारा आमचा. त्याला हात लावायचा तर म्होरं ह्ये गाव हाय, हितनं सुरू करा. समदी उभी ऱ्हायली. ह्या बलभीमाचा आजा बी. उघड्या पाठीनं. जमाव जरा घुटमळला अन् गेला. त्या दिसांत आसपास काय काय झालं ते तुमच्या पुस्तकात हाय का? आमच्या गावात एक बी मुडदा पडला न्हाई. म्हनून त्यो दरसाल चढवायचा, म्हनून त्येच्याच घरानं उतरवायचा. आता सांग. चढवलाच न्हाई तर त्यो उतरवंल काय? अन् म्या शिव्या कुनाला दिऊ, आभाळाला?”

बसल्या जागी साहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मला वाटलं, झालं. हा माणूस थांबेल. भजी खाईल आणि थांबेल.

तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला.

ते उठले, जरा बाजूला गेले. “होय सर. होय सर. नाही सर, तसं नाही, इथं लोक म्हणतात की… होय सर. शिवणाऱ्याचं नाव मिळालंय सर. होय सर, तोच. लगेच सर.”

परत आले तेव्हा टोपी डोक्यावर होती. पलीकडं कोण होतं ते मला माहीत नाही. ‘तुम्ही’ म्हणून मी ज्याला हाका मारतोय तो म्हणजे हा पलीकडचा माणूस. या साहेबांवर माझा तेवढा राग नाही. त्यांनी निदान ऐकलं.

शीटं भरून नेणारी वडापची जीप नाक्यावर थांबली आणि मामू उतरले. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, हातात औषधांची पिशवी, अंगात स्वतः शिवलेला धुवट सदरा. जीपमधून दिसत होतं त्यांना सगळं, पण एवढ्या माणसांतून ते लग्नघरी आल्यासारखे चालत आले.

“उशीर झाला, आत्या.”

“भजी संपली. तुझ्या वाटची ठिवली हुती, मुळ्यानं खाल्ली.”

“न्हाई हो मामू,” मुळे म्हणाले. त्या गडबडीतही बिचाऱ्याला खुलासा करावासा वाटला.

साहेबांनी मामूंना थांबवलं. आवाज खाली आणला होता त्यांनी, धमकीचा नव्हता. “चाचा, ऐका. इथूनच घरी जा. काठीजवळ येऊ नका. अज्ञात इसमाने झेंडा लावला असं मी लिहितो. माझा माणूस उतरवेल. विषय संपेल. पण तुम्ही दोरीला हात लावलात, तर तुमचं नाव येणार. मग मला काही करता येणार नाही. तेढ पसरवल्याचं कलम आहे. आत जावं लागेल.”

“अज्ञात कशाला?” मी मधे पडलो. “हा उभा आहे की ज्ञात! मी चढवला. शंभर माणसांनी बघितलं. लिहा माझं नाव.”

“तुमचं नंतर बघू.”

“नंतर का? आत्ता बघा.”

“तुम्ही गप्प बसा हो!” या वेळी मात्र ते ओरडले.

गावात कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, जाऊ द्या मामू, पुढच्या वर्षी करू. एक बाई रडायला लागली. आत्या दगडावरून उठली, मामूंजवळ गेली आणि त्यांच्या दंडाला धरून म्हणाली, “चांद्या, जा घरला. डोळ्याचं आप्रीशन झालंय. ह्यांच्या कोठडीत मच्छर हायती. तुझा बाप काय म्हननार न्हाई, मी सांगते त्याला वर गेल्यावर.”

तिनं सोडलं होतं. जिनं कुणाला दोरीला हात लावू दिला नाही, तिनं सोडलं होतं.

मामूंनी औषधांची पिशवी तिच्या हातात दिली. मग माझ्याकडं वळले.

“बलभीमा, गाठ कुठल्या अंगाला मारलीस? मला एकाच डोळ्यानं दिसतंय.”

मी त्यांचा हात धरला आणि गाठीवर नेऊन ठेवला.

घाई केली नाही त्यांनी. दोरी थोडी सोडायची, थांबायचं, थोडी सोडायची. झेंडा खाली येताना दरवर्षी गाव गप्प असतं. आत्यानं डोक्यावर पदर घेतला. ज्या तोंडानं सकाळी काठीला वाळवी लावली होती ते तोंड मिटलेलं. कापड जमिनीला टेकायच्या आत मामूंनी ते दंडावर झेललं, भाकरीची बाजू आत करून घडी घातली, आणखी एक घडी, आणखी एक. शिंप्याची घडी ती, एक सुरकुती नाही.

साहेबांनी हात पुढं केला. “द्या. मुद्देमाल आहे.”

“दोन्ही हातांनी घ्या साहेब,” मामू म्हणाले. “ह्ये असंच घेत्यात.”

आणि साहेबांनी दोन्ही हातांनी घेतला.

“आनि कातरू नका. यंदा रखमाजीच्या सुनंला मुलगी झालीया. पुरं कापड लागतंय कुंचीला.”

साहेबांनी मान खाली घातली ती वर केली नाही. मामू आपले आपणच पोलिसांच्या जीपमध्ये जाऊन बसले.

रखमाजीच्या नातीला कुंची मिळाली नाही. मामूंना जामीन मिळेपर्यंत गोजरआत्या रोज ठाण्याच्या पायरीवर डोळ्यात घालायच्या थेंबांची बाटली घेऊन जाऊन बसायची. “माझ्या हातनं घालते,” म्हणायची, “तुमच्या हाताला तंबाखूचा वास येतोय.” मुळे तिला आत सोडायचे. विहिरीत सापडलेल्या माणसाची पुतणी, निजामाच्या शिपायाच्या पोराच्या डोळ्यात थेंब घालत होती, आणि दाराबाहेरच्या फळ्यावर मामूंच्या नावापुढं लिहिलं होतं: दोन समाजांत तेढ.

त्यानंतर नाक्यावर झेंडा चढवायला तुम्ही बंदी घातलीत. सतरा सप्टेंबरला मोकळ्या चौथऱ्यावर पोलीस बसवायला लागलात. मला निजामाचं काडीचं प्रेम नाही. तो झेंडा बघून कुणाच्या पोटात आग पडत असेल तर पडू द्या, आमच्याही पडते, म्हणून तर शिव्या. ज्याला तो आवडत नाही त्यानं येऊन आत्याशेजारी उभं राहावं, त्याच्या शिव्यांनाही जागा होती. तुम्ही झेंडा काढला, तशा शिव्याही काढून घेतल्या. आणि एका माणसानं आपल्या हातानं आपल्या धन्याचं राज्य खाली घेतलं, ही गोष्टही काढून घेतलीत. गावातल्या नव्या लेकरांना आता एवढंच ठाऊक आहे की चौथऱ्यावर पोलीस बसतात.

केस चालली. तारखा पडल्या. मामू एसटीनं जायचे, मी सोबत. एकदाही कुणी त्यांना विचारलं नाही की तुम्ही नेमकं केलं काय. गेल्या वर्षी ते वारले आणि केस बंद झाली. निकाल नाही. आरोपी मयत, एवढंच. तालुक्याला मला एक जण म्हणाला, “चला, सुटले तुमचे मामू.” मी त्याच्याशी बोलणं सोडलंय.

आता माझं. साहेब म्हणाले होते, तुमचं नंतर बघू. मी वाट पाहिली. कुणी आलं नाही, तेव्हा मीच ठाण्यात गेलो. म्हणालो, झेंडा मी चढवला, माझ्यावर केस घाला. त्यांनी खुर्ची दिली, चहा पाजला, म्हणाले, गरड, तुम्ही चांगल्या घरचे, कशाला यात पडता. पुन्हा गेलो. पुन्हा चहा. वकिलामार्फत लेखी दिलं. त्यावर तर चहाही नाही.

झेंडा फडकवणं गुन्हा होता ना? फडकवला मी. बलभीम गरड, मुक्काम बोरजाई, आजही तिथंच राहतो, दुकानावर पाटी आहे. ज्यानं चढवला त्याला तुम्ही चहा पाजलात, आणि ज्यानं उतरवला त्याला कोठडीत घातलंत. का? कलम सांगू नका, कलम माझं पाठ झालंय. त्याच्यात आणि माझ्यात तुम्हाला काय फरक दिसला, तेवढं तुमच्या तोंडानं सांगा. मामू विचारायला उरले नाहीत. मी विचारतोय. उत्तर द्या.